पोकर शिकताना मी दिरांना लबाड म्हटलं

मंडळी, आज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला दिरांकडे गेले होते; त्यांचे व्याहीही आले होते. आमच्या खानदेशात आखाजीला पत्ते खेळतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटतेय.

पुण्याहून आलेल्या पुतणीने यंदा तीन पत्तीऐवजी पोकर शिकवायला घेतलं, पैशांऐवजी चिंचोके लावून. तिने आधीच सांगितलं, "काकू, तीन पत्तीच्या उलट, यात सिक्वेन्सपेक्षा कलर मोठा."

"मी तुझ्या जन्माआधीपासून पत्ते खेळतेय. मला नको शिकवू," मी म्हटलं.

एका डावात मी ओळीचे पाच पत्ते, म्हणजे सिक्वेन्स, मांडला आणि चिंचोके ओढले. दीर, म्हणजे आमचे नाना, हळूच म्हणाले, "वहिनी, मना बठ्ठा पत्ता बदामना शेतस. डाव मना." म्हणजे त्यांचे सगळे पत्ते बदामाचे, कलर; डाव त्यांचा.

मी म्हटलं, "नाना, निदान व्याह्यांसमोर तरी लबाडी करू नका."

नानांनी पत्ते खाली ठेवले आणि उठून गेले. पुतणीने मोबाईलवर नियम दाखवला. नाना बरोबर होते. तेव्हाच माफी मागायची, तर मी म्हणाले, "असले नियम करणाऱ्यांना अक्कल नाही."

जेवताना नानांनी मला आग्रहाने आमरस वाढला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आता जळगावला घरी बसून हे लिहितेय. नाना फेसबुकवर नाहीत, तेव्हा ही पोस्ट म्हणजे माफी नव्हे. चारचौघांत लबाड ठरवलेल्या माणसाला फोनवर एकट्याला सॉरी म्हणून भागतं का? तुम्ही काय केलं असतं?