बाईच्या हातात लोखंड

आमच्या येळ्ळुरात पोरगा सहावी-सातवीला गेला की त्याला तालमीत घालायचे, आणि पोरीच्या डोक्यावर चुंबळ ठेवायचे. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, तालमीत गेला. त्याच्यासाठी म्हशीचं दूध बाजूला निघायचं, अंडी यायची. शिवाय घरी व्यायाम करायला म्हणून आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला लोखंडी डंबेल्सची जोडी आणून दिली. मी त्याच वयात गवताचे भारे आणि पाण्याच्या घागरी वाहत होते. पण तो व्यायाम नव्हता म्हणे, ते काम होतं. कामाला दूध लागत नाही.

ऐंशीच्या आसपास मी बेळगावात पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. गोळाफेकीत पहिली आले, तेव्हा खेळाच्या बाई म्हणाल्या, "व्यायाम शिक्षिकेचा कोर्स कर. निवडीच्या चाचणीत गोळा नीट पडला की शाळेत नोकरी लागेल." नोकरी! चिखलातून सुटायची तेवढी एकच वाट मला दिसत होती. चाचणीला वर्ष होतं. मी घरी येऊन अण्णाच्या डंबेलला हात घातला, तशी आई ओरडतच आली.

"ठेव खाली! बाईनं लोखंड उचललं तर अंग सरकतंय. उद्या कोण करून घेईल गं तुला?"

अंग म्हणजे गर्भाची पिशवी. "आणि घागर उचलल्यावर सरकत न्हाई व्हय?" मी म्हटलं.

"तोंड लई चालायलंय तुझं," एवढं बोलून ती निघून गेली.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून दिली आणि गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, अडकवून ती कशी ओढायची ते दाखवलं. रोज पहाटे धार काढून झाली की मी ओढत बसायची. अण्णा हसून हसून लोळायचा. "रबर ओढून कुणाचं शरीर झालंय गं? ते लोखंडानंच होतंय." पण आठ-नऊ महिन्यांत माझ्या पोलक्याच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या, पोट आत गेलं, वजन मात्र होतं तेवढंच राहिलं. अण्णाचं दूध आणि अंडी छातीपेक्षा पोटातच जास्त उतरली होती, पण ते कोण बोलणार!

बाई म्हणाल्या, "ट्यूबनं अंग चांगलं घडलंय. आता हाताला लोखंडाची सवय पाहिजे. राहिलेले दोन महिने डंबेल्स घे." मग आई शेतात गेली की मी चोरून घ्यायला लागले. पंधरा दिवसच जमलं. एकदा ती मध्येच परत आली. तिनं माझ्या हातातलं डंबेल हिसकावलं, दुसरं उचललं आणि दोन्ही परसातल्या विहिरीत टाकली. अण्णानं घर डोक्यावर घेतलं. शिव्या मला पडल्या, कारण त्याचं नुकसान माझ्यामुळं झालं होतं.

चाचणीत माझा गोळा रेघेच्या वीतभर अलीकडं पडला. वीतभर! पुढच्या वर्षी परत या, म्हणाले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं होतं. सासर खानापूरकडं, तिथंही भातच पिकत होतं आणि पोती होतीच.

आईवर मी राग धरला. साधासुधा नाही, चांगला सहा-सात वर्षं. माहेरी गेले तरी कामापुरतं बोलायची. असली अडाणी आई माझ्याच वाट्याला कशी आली, असं तिला ऐकू जाईल असं पुटपुटायची. त्याची आता लाज वाटते.

मग एका सुगीत ती बांधावर चक्कर येऊन पडली. मी माहेरीच होते, बेळगावच्या दवाखान्यात मीच तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं आणि बाहेर येऊन मला झापलं. "पिशवी पूर्ण बाहेर आलीय यांची. कालपरवाचं नाही हे, कित्येक वर्षांचं आहे. घरात कुणाला पत्ता नव्हता?"

नव्हता. लुगड्याच्या धडप्यानं अंग बांधून आई शेतात राबत होती.

"कधीपास्नं गं?" मी विचारलं.

ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. "तुझ्या वक्ताला. तू झाल्यावर बाराव्या दिवशी भाताची पोती उचललीती."

वजनानं बाईचं काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोक्यावरची घागर, भारा, यातलं काहीच तिला काढता येत नव्हतं. विहिरीत टाकता येण्यासारखी ती दोन डंबेल्सच काय ती होती. आणि त्यातच माझी नोकरी गेली. रडू यायच्या ऐवजी मला संताप आला, कुणावर ते कळेना म्हणून तिच्यावरच काढला.

"मग कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. तुझ्या आप्पास्नी तवाच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आभाळ आलंय, म्हणाले. आधी ऱ्हायलेली पोती आत घे."

"मग?"

"मग काय, घेतली," आई म्हणाली.