मयत नसलेली कबर

नोकरीतले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पनवेलचं एक प्रकरण मात्र काल घडल्यासारखं समोर उभं राहतं. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. कबर होती, आणि तीही मयत नसलेली.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. मी नवा फौजदार, मोठं प्रकरण हाती लागावं म्हणून आसुसलेला. एका सकाळी हजेरी चालू असताना मिठागरावर राबणारा एक शेतकरी ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"सायेब, इस्राएल लोकांच्या कब्रस्तानात नवी कबर हाय."

"मग? माणसं मरतात."

"पन त्यांच्यात कोन मेलाच नाय ना. आमी बाजूलाच असतो. मयत आली असती तं दिसली नसती?"

खबऱ्याचा स्वतःचा फायदा काय, हे आम्ही आधी पाहतो. याचा काहीच नव्हता. कबर केवढी, असं विचारल्यावर त्याने दोन्ही हात पसरून माप दाखवलं. लहान मुलाएवढी. माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवले.

मामलेदारांच्या हुकुमाशिवाय कबर उकरता येत नाही. मी तो कागद लिहायला घेतला, तोच साठीचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. गेल्या शतकातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचे हे पुतणे. पुढाऱ्यांची विधवा पत्नी, म्हणजे यांच्या काकू, शेवटची वर्षं पनवेलला राहिल्या होत्या. मरण्यापूर्वी त्यांनी आपली पत्रांची पेटी एका मैत्रिणीच्या स्वाधीन केली. ही मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आता त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कायमच्या इस्राएलला निघाल्या होत्या.

"काकांच्या स्मारकासाठी ती पत्रं छापायची आहेत," पुतणे म्हणाले. "बाई पेटी देत नाहीत. अफरातफरीचा गुन्हा नोंदवा."

गुन्हा नोंदवला असता तर बाई अडकल्या असत्या. मुलगा, सून, नातवंडं बोटीने गेली असती आणि त्या म्हातारपणी इथे एकट्या उरल्या असत्या. मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि पुतण्यांना आणि एका हवालदाराला घेऊन बाईंच्या घरी गेलो.

घरात बांधाबांध चालली होती. "पाहा हवं तिथे," म्हणत बाईंनीच सगळ्या ट्रंका उघडून दिल्या. पेटी नव्हती.

"बाई, पेटी कुठे आहे?"

"माझ्याकडे होती. आता नाही."

"विकलीत?"

"फौजदारसाहेब, चहा घ्या. निवला तर याहून वाईट प्रश्न विचाराल."

हवालदार मुद्दाम खोकला. मी मुकाट्याने कप उचलला.

"जाळलीत?"

आता बाई तापल्या. "तिने मरताना सांगितलं होतं, जाळ म्हणून. मी हो म्हटलं. पण प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेलं. देवाचं नाव असलेला कागद आमच्यात जाळत नाहीत."

"मग काय करतात?"

बाई उघडी ट्रंक बंद करू लागल्या. पण सकाळचे ते पसरलेले हात मला आठवले. ते माप मुलाचं नव्हतं, पेटीचं होतं. जाळत नाहीत, म्हणजे माणसासारखे पुरतात.

आम्ही सगळे कब्रस्तानात गेलो. कडेला ताज्या मातीचा उंचवटा होता, त्यावर दगड नव्हता.

"काढा वर," पुतणे म्हणाले. "हुकूम मी आणतो."

बाई उंचवट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "यात तुमच्या काकांचं राजकारण नाही. गावोगावच्या विधवांनी एका विधवेला लिहिलेली पत्रं आहेत. कुणाला दिराने फसवलेलं, कुणाला मूल टाकावं लागलेलं. नावागावासकट. त्यांची मुलंनातवंडं आज नांदताहेत. तिची दृष्टी गेल्यावर मीच तिला ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या आईचीही आहेत."

वडील गेल्यावर या पुतण्यांना शिक्षणासाठी काकांकडे ठेवून घेतलं होतं आणि आईला माहेरी धाडलं होतं. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "माझ्या आईला लिहिता येत होतं?"

"काकूंनी शिकवलं होतं. चोरून."

"काय लिहायची?"

"तुमच्याशिवाय कुणाबद्दल लिहिणार?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तेवढी तिचीच काढता येतील?"

"एकीची शोधायची तर सगळ्यांची उघडावी लागतील."

अखेर ते माझ्याकडे वळले. "फौजदारसाहेब, माझा अर्ज परत द्या."

ठाण्याच्या डायरीत मी नोंद केली: 'घर पाहिले, पेटी मिळून आली नाही. अर्जदाराची तक्रार नाही.' शब्द न् शब्द खरा. दुसऱ्या दिवशी तो मिठागरवाला विचारायला आला, "कोन व्हता सायेब आत?"

"बाया होत्या. पुष्कळ. त्यांना राहू दे तिथे."

पुढे कुणाच्याही घरझडतीत जुन्या पत्रांचं बासन निघालं, तर गुन्ह्याशी संबंध दिसल्याशिवाय मी ते पंचांसमोर सोडू दिलं नाही. घरात शिरण्याचा अधिकार वर्दी देते. कुणाच्या दुःखात शिरण्याचा देत नाही, हे मला त्या बाईंनी शिकवलं.

बाई निघाल्या त्या दिवशी पुतणे एसटी स्टँडवर आले होते. बाईंची ट्रंक स्वतः उचलून त्यांनी गाडीत ठेवली. गाडी सुटायच्या बेताला खिडकीशी जाऊन विचारलं, "अक्षर कसं होतं तिचं?"

"पहिल्या पत्रात वेडंवाकडं," बाई म्हणाल्या. "शेवटच्यात सुरेख."