वांग्यांमधलं अंतर

अमरावतीला गणितात पीएचडी करत होते तेव्हा माझा प्रश्न एवढाच होता: दोन वस्तू एकमेकींसारख्या आहेत असं माणूस ठरवतो, ते आकड्यांत मांडता येईल का? माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक वस्तू म्हणजे एक बिंदू. बिंदू जितके जवळ, तितक्या वस्तू सारख्या. वस्तू म्हणून मी वांगी निवडली. बार्शीटाकळीजवळ आमचा भाजीचा मळा, त्यामुळे वांगी ओळखणारी माणसं मला ठाऊक होती.

आठ जातींची वांगी घेऊन मी अकोल्याच्या भाजीबाजारात बसले. भाजीवाल्या बायकांना जोडी दाखवायची, दहापैकी गुण विचारायचे. घरी येऊन आकडे मांडले, तर ते जुळेचनात. हिरवं वांगं जांभळ्यासारखं आहे का? आठ. जांभळं हिरव्यासारखं आहे का? चार. अंतर तर कुठूनही मोजलं तरी एकच यायला हवं.

मार्गदर्शक सर म्हणाले, "बायका कंटाळल्या असतील. दोन्हींची सरासरी घ्या आणि पुढे चला."

घेतली असती तर प्रबंध त्याच वर्षी झाला असता. पण जांभळ्याच्या प्रत्येक जोडीत तोच फरक होता. कंटाळलेला माणूस दर वेळी एकाच बाजूला चुकत नाही. मी पुन्हा अकोला गाठलं आणि बाजारातल्या सगळ्यांत जुन्या भाजीवालीपुढे तीच जोडी ठेवली. उत्तरं तीच आली.

"काकू, हे त्याच्यासारखं हाये, मंग ते याच्यासारखं काहून नाही?"

तिला माझी कीव आली असावी. "पोरी, वांगं मनलं का डोयापुढं हे जांभयंच येते. बाकीचे याच्यावानी असतीन. हे कोनावानी काहून असन?"

पुढचा दीड महिना मी दर सोमवारी तिथं गेले. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी विचारली, तीही वेगवेगळ्या दिवशी. फरक हटला नाही. मग समीकरणातच बदल केला: जी वस्तू मनात जास्त ठळक, ती दुसरीसारखी कमी वाटते.

सरांनी नव्या समीकरणाचा आलेख पाहिला. "माझं चुकलं," ते म्हणाले. "पण हे वांग्यांपुरतंच नाही कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, संत्री विकणाऱ्यांना तेच विचारायला, मी अचलपूरच्या एसटीत बसले. संत्र्यांचा हंगाम संपायला तीनच आठवडे उरले होते.