पार्किंग लॉटची नोंदवही

निवृत्तीनंतर मी एका सल्लागार कंपनीत आठवड्यातून तीन दिवस करारनामे तपासायला जाऊ लागलो. पहिल्याच सकाळी मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला सांगितले की इथे आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या संध्याकाळी कर्वेनगरला घरी आलो आणि बूटही न काढता त्यांना पत्र लिहायला बसलो. मुद्दा क्रमांक एक : कुटुंबात परिवीक्षाकाळ नसतो. मुद्दा क्रमांक दोन : कुटुंबातील व्यक्तीस एक महिन्याच्या सूचनेने कमी करता येत नाही; येत असते तर माझ्या धाकट्या मेहुण्याबाबत आम्ही तो मार्ग केव्हाच अवलंबिला असता. सबब, हे विधान मागे घ्यावे अथवा नेमणूकपत्रात तशी दुरुस्ती करावी. उत्तरादाखल माझ्या संगणकावर एक हसरा पिवळा चेहरा आला. चेहऱ्याला पोच कशी द्यावी याविषयी कोणताही नियम मला सापडला नाही.

सरकारी विधी शाखेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला तिथले काहीच रुचण्यासारखे नव्हते. सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत, अगदी प्रमुखालासुद्धा. माझ्याबाबतीत मात्र त्यांची जीभ वळेना, म्हणून मी 'सर' राहिलो. ही पोरे दुसऱ्यांच्या कारखान्यांत जात, चार आठवडे प्रश्न विचारत आणि मग पडद्यावर चित्रे दाखवून मालकांना त्यांचाच धंदा समजावून देत. हे सगळे मला आगाऊपणाचे वाटे. पण एकाच्या डब्यातली भाजी पाच जणांत कशी फिरते हे मी पाहिले. कोणाला मालकासमोर उभे राहायचे असले की बाकीचे सगळे आपापले काम टाकून त्याची तालीम घेत बसत, हेही पाहिले. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तीन आठवडे, मी येई त्या प्रत्येक दिवशी, कोणी ना कोणी मला करारनामे वाचून दाखवले, आणि कलमांतले स्वल्पविरामही उच्चारले. असल्या लोकांवर मनापासून रागावता येत नाही. तरीही मी शर्थ केली.

माझा खरा राग एका प्रथेवर होता. बैठकीत कोणी अडचणीचा प्रश्न काढला की आमच्या गटाचा मॅनेजर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन काढी, त्यावर 'पार्किंग लॉट' असे लिही आणि तो प्रश्न आत टाकून म्हणे, "छान मुद्दा आहे, हे पार्क करू या." अर्थ असा की आता नको, नंतर बोलू. बैठक संपे. संध्याकाळी सहा वाजता सफाईच्या मावशी ओले फडके घेऊन येत आणि फळा पुसून टाकत. त्या प्रश्नांचे पुढे काय होते, असे मी मॅनेजरला विचारले. चौतिशीचा, भला आणि कमालीचा विसराळू गृहस्थ होता तो. त्याने जरा विचार करून प्रामाणिकपणे सांगितले, "सर, खरं सांगू? हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी मंडईजवळच्या कागदवाल्याकडून लाल कापडी पाठीची लांब वही आणली. बैठक संपली की मावशी येण्याआधी चौकोनातला प्रत्येक प्रश्न मी तिच्यात उतरवू लागलो : अनुक्रमांक, दिनांक, प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव, निकाल. निकालाचा रकाना रिकामाच राही. दर सोमवारी मी मॅनेजरला प्रलंबित प्रश्नांचे स्मरणपत्र देई. पोरे त्याला 'सोमवारची नोटीस' म्हणत. मॅनेजरने ती सगळी पत्रे एका फाइलीत लावून ठेवली होती, हे मला पुढे कळले. वाचली होती असे मी म्हणणार नाही.

वहीत सर्वांत जास्त नोंदी एकाच मुलीच्या नावावर होत्या. ती नवीन होती, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर. बिबवेवाडीहून येई. तिच्या टेबलावर संगणकाशेजारी संविधानाची जुनी प्रत असे. आजोबांची आहे, म्हणाली. ते कचेरीत कारकून होते आणि घरात कोणी गाऱ्हाणे घेऊन आले की आधी अर्ज लिहून आण म्हणत. मी ती प्रत उघडून पाहिली. आत पेन्सिलीच्या बारीक, सरळ रेघा होत्या. त्या दिवसापासून मी तिला मसुदा कसा करावा हे शिकवू लागलो. एका वाक्यात एकच आरोप करावा. विशेषण टाळावे. आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. हे शेवटचे मी तिला इतक्यांदा ऐकवले की मी तोंड उघडताच ती ते पूर्ण करी.

पावसाळ्यानंतर आमच्या गटाने फराळाचे पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीसाठी अहवाल केला. मालकाला नवे गोदाम घ्यायचे होते आणि ते किती मोठे असावे, हे आम्ही सांगायचे होते. सादरीकरणात मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांनी दुसऱ्या क्रमांकाच्याच चित्रावर बोट ठेवून विचारले की हा खप गणपती ते दिवाळीचा दिसतो, बाकीचे वर्ष लोक चिवडा खात नाहीत का. अहवाल परत आला. आकडे त्या मुलीने जमवले होते, म्हणून चूक तिच्या नावावर गेली. तिची परिवीक्षा त्याच पंधरवड्यात संपत होती. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिला गोड शब्दांत सुचवले की तिला कदाचित दुसरीकडे अधिक आनंद मिळेल.

मी वही उघडली. अनुक्रमांक एकशे बारा. "हा खप फक्त सणाच्या महिन्यांचा आहे. वर्षभराला तोच धरावा का?" विचारणारी : ती. निकाल : रिकामा.

मला विलक्षण संताप आला, आणि तरी अक्षर सुरेख आले. चार पानी पत्र झाले. आनंदाच्या नावाखाली मागितलेला राजीनामा स्वेच्छेचा ठरत नाही, इथून सुरुवात करून मी मॅनेजरच्या विसराळूपणाची अकरा उदाहरणे क्रमवार दिली. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली. मूळ पत्र प्रमुखाला, प्रती तिघांना. सोमवारी सकाळी सह्या घेऊन वाटली आणि समाधानाने चहा घेतला.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटले, आभार मानायला आली असेल. ती उभीच राहिली.

"सर, मला आत बोलावून विचारलं, हे पत्र तू सरांना लिहायला लावलंस का. मला पत्राबद्दल काहीच माहीत नव्हतं."

मी म्हटले की पत्रातील प्रत्येक शब्द सिद्ध करता येतो.

"येतो. पण ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा..." ती थांबली. त्या दिवशी वाक्य पूर्ण करण्याची पाळी माझी होती आणि मला ते करवले नाही. मग तीच शांतपणे म्हणाली, "मला उद्या माझी बाजू मांडायची होती. तुमच्या अकरा उदाहरणांनंतर आता सगळे मॅनेजरांच्या बाजूने उभे राहतील. ते वाईट नाहीत सर. ते विसरतात."

एवढ्या वर्षांत अनेक अधिकाऱ्यांना मी याच एका चुकीसाठी झोडपले होते. त्या मुलीला मी तिच्याच प्रकरणात पक्षकार मानले नव्हते. ती गेल्यावर मी आयुष्यातले सर्वांत लहान पत्र लिहिले : "माझे आजचे पत्र संबंधितेस न विचारता लिहिलेले असल्याने मी ते मागे घेत आहे." प्रमुख, आणि प्रती तिघांना. पुन्हा सह्या घेतल्या. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी सही करताना मान वर केली आणि काही न बोलता पेन परत दिले. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी बैठकीआधी ती पुन्हा आली आणि वही मागितली. मी उठू लागलो.

"वही द्या. तुम्ही नको."

मी चाळीस मिनिटे कॉफीच्या यंत्राजवळच्या उंच स्टुलावर बसून काढली. तिथून काचेपलीकडचे सारे दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हते. ती एक कागद वाचत होती. नंतर कळले की त्यात सहा वाक्ये होती आणि एकही विशेषण नव्हते. मग तिने वही उघडून मॅनेजरसमोर सरकवली. त्याने ते पान वाचले. चष्मा काढून पुन्हा वाचले. मग उठून आपल्या कपाटातून एक फाइल आणली आणि तिच्यातले एक पत्र काढून बाईंपुढे ठेवले. ती माझी सोमवारची नोटीस होती, एकशे बारा क्रमांकाचा प्रश्न असलेली. त्याच्या हाती ती अहवाल जाण्याच्या आठवडाभर आधी पडली होती. लपवता आली असती. ती त्याने जपून ठेवली आहे हे तोवर दुसऱ्या कोणाला ठाऊकही नव्हते.

बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. "सर, तिने विचारलं होतं आणि तुम्ही आठवणही करून दिली होती. मी विसरलो. आत तसं सांगितलं." मग चष्मा पुसत, "अकरा उदाहरणं मात्र कमी आहेत हो. मला स्वतःला वीस तरी आठवतात."

त्याच आठवड्यात तिला कायम केल्याचे पत्र मिळाले. ते तिने मला वाचायला दिले. दुसऱ्या परिच्छेदात कर्ता आणि क्रियापद यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण पत्र तिचे होते, म्हणून दुरुस्त करू का, असे मी आधी तिला विचारले. तिने ते काढून घेत सांगितले की असू दे सर, आजोबांच्या पुस्तकात असंच ठेवणार आहे.

वही मी आता तिच्याकडे सोपवली आहे. निकालाच्या रकान्यात हल्ली अधूनमधून शाई दिसते. सहा वाजता मावशी फडके घेऊन दाराशी येतात आणि पूर्वी कधी विचारले नव्हते ते विचारतात, "पुसू का?" ती लिहिता लिहिता डावा हात वर करते. मग मॅनेजरही थांबतो, आणि मावशी बादली खाली ठेवून खुर्चीवर टेकतात.

कुटुंबाविषयीच्या माझ्या पहिल्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. मी त्याचा पाठपुरावा सोडून दिला आहे. मुद्दा क्रमांक दोन मात्र मेहुण्यापुरता मी कायम ठेवतो.