जास्तीचा होकार

लालबाग-परळमध्ये ज्यांना म्हणून सरकारी योजनेतून घर लागलं, त्यातल्या निम्म्यांना ते आमच्या चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या काकांमुळे लागलं, हे मी छातीठोकपणे सांगतो. उरलेल्या निम्म्यांना आपल्याला घर का लागलं हे अजून कळलेलं नाही. काका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, आवारात काचेचे टॉवर उभे राहिले, तरी काकांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावरच चालायचा. दुपारी बोलता बोलता ते एकदम मान वर करायचे, "भोंगो वाजलो," म्हणायचे आणि जेवायला उठायचे. तो भोंगा बंद पडला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. पण घड्याळात पाहावं तर बरोबर बारा वाजलेले असायचे.

मी बँकेत गृहकर्ज विभागात नोकरी करतो, तरी नवं परिपत्रक आलं की ते समजून घ्यायला काकांकडेच जायचो. पहिल्या घराला व्याजाची सवलत कोणाला मिळते, बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात काय सूट, गिरणी कामगार वारला तर घरावर हक्क कोणाचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नायगावपासून ठाकूरद्वारपर्यंतची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन यायची आणि काका नाकावर चष्मा ओढून एकेक दाखला उन्हाला धरून बघायचे. फी एक नारळ. तोही त्यांच्यासाठी नव्हे. अर्ज भरून झाला की दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला अर्जदाराला घेऊन ते गिरणीच्या मागच्या गल्लीत जायचे. तिथे जुन्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, त्यातून पिंपळ फुटलाय. गावी जसा प्रत्येक जागेला राखणदार असतो, तसा या जागेलाही आहे आणि त्याच्या कानावर घातल्याशिवाय मुंबईत कोणाला घर लागत नाही, असं काकांचं ठाम मत होतं. घर पार पनवेलला असलं तरी गाऱ्हाणं इथेच. मी एकदा चेष्टेनं कारण विचारलं, तर म्हणाले, "हेड ऑफिस हंयच असा. पुढचा तो कळवता."

गाऱ्हाणं ऐकण्यासारखं असायचं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान उत्पन्नाचो दाखलो जोडलेलो असा म्हाराजा," की आम्ही मागे उभे असलेले एकसुरात "होय म्हाराजा!" "रहिवासी दाखलो सहीशिक्क्यासकट असा म्हाराजा." "होय म्हाराजा!" मी हसू दाबत उभा असायचो. काका मात्र डोळे मिटून मोजत असायचे. मागे तिघं असतील आणि चार होकार ऐकू आले, तर अर्ज पास. मग नारळ फोडून ते इतकंच म्हणायचे, "इलो." ठाकूरद्वारचं एक जोडपं आलं होतं. गाऱ्हाणं संपलं, काकांनी नारळ न फोडताच परत नवऱ्याच्या हातात दिला. "मोजले ते तेवढेच. तुझ्या नावार आधीच घर असा." त्या माणसाचा चेहरा असा उतरला की बायको त्याच्याकडे बघतच राहिली. विरारला वडिलांनी घेतलेली खोली त्याच्या नावावर होती, आणि हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मीही मोजायला लागलो. होकार कधी बरोबर भरायचे, कधी एक जास्त यायचा, आणि जास्त आला की माझे कान थंड पडायचे. भर दुपारी, अंगावर घामाच्या धारा असताना.

एवढ्यांना घरं मिळाली, पण काकांना नाही. ते राहायचे ती खोली त्यांच्या चुलत्याच्या नावावर होती, आणि चाळ पुनर्विकासाला निघाली तेव्हा नव्या घराच्या यादीत अर्थातच चुलत्याचं नाव आलं. चाळ रिकामी झाली की काकांना मुंबईत जागा नव्हती. आशा होती ती गिरणी कामगारांच्या सोडतीची. तिचा अर्ज एकदाच भरायचा असतो, मग सोडतीमागून सोडती निघत राहतात आणि माणूस यादीत आपलं नाव शोधत राहतो. काका आणि काकूंनी जोडीनं अर्ज भरला होता. काकूंची मागणी एकच होती, घरातला नळ. उभं आयुष्य त्यांनी चाळीच्या सामायिक नळावर पहाटे बादली लावली. "आपणच आपलं गाऱ्हाणं घाला की," असं त्या म्हणायच्या, तर काका हात झटकायचे. "आपला गाऱ्हाणा आपण घालूचा नसता. आणि तू घालूचा नाय, तू पण अर्जदार." नियम म्हणजे नियम. या नियमापायी दोघं थांबून राहिले आणि काकू नळाची वाट बघतच गेल्या.

त्यानंतरच्या वर्षी चाळ रिकामी करायची नोटीस लागली आणि त्याच महिन्यात सोडत जाहीर झाली. काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात नारळ. "झिला, माझा तू घाल," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते माझ्याकडेच आले होते.

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही दोघंच त्या भिंतीसमोर उभे राहिलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. माझी मालवणी तोडकीमोडकी, त्यात लाज वाटत होती, म्हणून मी त्यांच्या जुन्या अर्जाची झेरॉक्स हातात धरली आणि बघून बघून म्हणू लागलो. गिरणीचं नाव, तिकीट नंबर, हजेरीपत्रक. प्रत्येक वेळी मागून काकांचा एकट्याचा आवाज, "होय म्हाराजा." मग बँकेतल्या सवयीनं माझी नजर पुढच्या रकान्यावर गेली आणि मी वाचून टाकलं, "सहअर्जदार," आणि पुढे काकूंचं नाव, "तुझ्या पायाकडे हजर असा म्हाराजा."

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. जीभ चावावी असं झालं. मागून काही आवाज आला नाही. पिंपळाचं पानही हलत नव्हतं. आणि मग भिंतीच्या पलीकडून, जिथे टॉवरवाल्यांच्या पत्र्याच्या कुंपणाशिवाय काही नाही तिथून, बायकी आवाजात, शेवटचं अक्षर जरा लांबवत कोणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा."

मी वळून पाहिलं नाही. काका हळू म्हणाले, "थांबा नको. पुढे वाच."

घर लागलं. वन रूम किचन, अकरावा मजला. काकूंच्या मृत्यूचा दाखला जोडून कागद दुरुस्त करायचं काम मीच केलं आणि ताबापत्रावर काकांचं एकट्याचं नाव आलं. चावी मिळाली त्या दुपारी ते मला घेऊन गेले. कुलूप काढलं, दार ढकललं आणि स्वतः आत न जाता बाजूला अंग चोरून उभे राहिले. मी पाऊल उचललं, तर त्यांनी हात आडवा घातला.

"आधी तिका जांव दे."

आम्ही उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग "आता तू ये," म्हणत ते आत गेले. इमारतीला पाणी सोडायला अजून आठवडा आहे, असं खालच्या वॉचमननं नुकतंच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातला नळ कोरा होता, त्याच्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. खालचं सिंक मात्र ओलं होतं. काकांनी खिशातला रुमाल काढून ते पुसलं, रुमाल नीट पिळला आणि खिडकीत वाळत घातला. इतका सुखी माणूस मी पाहिला नाही, आणि मला त्या घरात क्षणभरही थांबवत नव्हतं.

तिथे ते तीन वर्षं राहिले. मी जायचो तेव्हा चहाचे तीन कप असायचे आणि तिसऱ्याबद्दल मी कधी विचारलं नाही. आता काकाही नाहीत. गल्लीतली ती भिंत तेवढी आहे, आणि फॉर्म घेऊन कोणी तिकडे जात नाही.

बँकेत कर्जाची फाईल मंजुरीला आली की नावं मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. अर्जदार वाचतो. सहअर्जदार वाचतो. मग मी जरासा थांबतो. समोर बसलेल्या नवराबायकोला वाटतं, साहेब कागदात काहीतरी चूक शोधतोय.