गाऱ्हाण्यात मी मध्येच बोलले

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तुम्हाला डिप्रेशन आहे." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बाजूला सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मला ना रडू आलं, ना भीती वाटली. दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराबद्दल बोलणं चाललंय असं वाटलं.

डिप्रेशन म्हणजे नैराश्य, असं त्यांनी समजावलं. पण मी निराश नव्हते, मी काहीच नव्हते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या घरात कुणी असं झालं तर ते रडतच असेल असं नाही. माझ्यासारखं गप्प बसून मासेसुद्धा विकत असेल.

मी मालवणच्या बाजारात मासे विकते. नवरा ट्रॉलरवर, त्यामुळे घर म्हणजे मी, सासूबाई आणि सहा वर्षांची सायली. माझं दुखणं पहिल्यांदा गिऱ्हाइकांना कळलं. मी भाव करेनाशी झाले. समोरचा म्हणेल त्या भावाला बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकायचे. माझ्यापुढे रांग लागायला लागली. शेजारच्या बायका आधी चिडल्या आणि मग घाबरल्या.

पुढे एक दिवस सायली जेटीच्या पायऱ्यांवरून घसरली. गुडघा फुटून रक्ताने फ्रॉक भिजला. ती माझ्यासमोर येऊन रडत उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून मासे साफ करत राहिले. सासूबाईंनी तिला उचललं आणि दुसऱ्या दिवशी बांद्याला माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. "तू बरी झालंस काय हाडतंय तिका," एवढंच त्या म्हणाल्या. मी बरी होणार की नाही, म्हणजे माझी पोर घरी येणार की नाही, असा तो मामला होता. तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. सोबत सायकोथेरपी सांगितली, म्हणजे बोलून केलेले उपचार. ते करणाऱ्या मॅडम घाटावरच्या, माझ्याच वयाच्या होत्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, नुसतं बोलून माणूस बरं होतं का? मॅडम म्हणाल्या, "बऱ्याच जणांना फायदा होतो, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. सगळ्यांना होत नाही. आणि का होतो, यावर आमच्यात अजून वाद आहे. कुणी म्हणतं पद्धतीमुळे, कुणी म्हणतं समोरच्या माणसावर विश्वास बसतो त्यामुळे."

माझ्या बाजारात अशी बाई एक दिवस टिकली नसती. आपल्या पाटीतलं काय खात्रीचं आणि काय नाही, हे कुणी आपणहून सांगतं का? पण मला बरं वाटलं. निदान ही खोटं बोलणार नाही, एवढं कळलं.

मग आमची चूक झाली. आमच्याकडे देवासमोर अडचण मांडायची तर ती आपण नाही मांडत. जाणतं माणूस पुढे होऊन गाऱ्हाणं घालतं, आपण मागे हात जोडून उभं राहायचं आणि बाकीच्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मॅडमच्या खोलीतही तेच झालं. सासूबाई सगळं सांगायच्या, मी मान हलवायची. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मॅडमना मात्र वाटलं की मी सासूच्या धाकात आहे. त्यांनी सासूबाईंना बाहेर बसवलं. मग तर खोलीत कुणीच बोलेना.

असे दोन-तीन आठवडे वाया गेल्यावर त्यांनी विचारलं, "सासूबाईंची भीती वाटते?" मी म्हटलं, नाही, त्या चांगलं बोलतात. आणि गाऱ्हाण्याची रीत सांगितली. मॅडम म्हणाल्या, "मी चुकीचं समजले. बोलवा त्यांना." सासूबाई आल्या तशा मॅडम त्यांना म्हणाल्या, देवळात घालतात तसंच गाऱ्हाणं घाला.

सासूबाईंनी चप्पल काढली, दवाखान्याच्या फरशीवर नीट उभ्या राहिल्या.

"बा देवा म्हाराजा, ही माझी सून आसा. हिका आपलीच पोर नको झाली हा. जा काय वाकडानाकडा झाला आसात, ता बरा कर रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा म्हणायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, "नाय."

गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही. सासूबाई वळून बघायला लागल्या.

"तसा नाय, आये. माका ती होयी. माका काय वाटना नाय, म्हणान माका तिच्यासमोर जावक भिती वाटता."

त्या महिन्यांमधलं माझं ते सगळ्यात लांब बोलणं. मॅडमनी काही लिहून घेतलं नाही, फक्त ऐकलं.

तिथून काम सुरू झालं. वाटेल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, आधी करायचं, वाटणं मागून येईल, हे मॅडमचं सांगणं. रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून बांद्याला फोन करायचा आणि काय जेवलीस एवढं तरी विचारायचं. बाजारात सांगितलेल्या भावावर अडून बसायचं. मी भाव धरून बसायची, पण मन जागेवर नसायचं. कित्येक फोन मी नुसते उरकले, ते सायलीलाही कळत असणार.

पावसाळा संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. फिरायला आलेला एक पाहुणा बांगड्याचे कल्ले उघडून बघत म्हणाला, शिळा आहे, अर्ध्या भावात द्या. माझी कानशिलं तापली. "बांगडो ताजो आसा. तुमचा नाक शिळा झाला हा." सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. सासूबाई पलीकडे सुकी मासळी विकत होत्या. त्यांनी आपली पाटी शेजारणीकडे सोपवली आणि डॉक्टरांना न विचारता थेट बांद्याची एसटी धरली.

शेवटच्या भेटीत मॅडमनी विचारलं, तुम्हाला कशाने बरं वाटलं? गोळ्या, तुम्ही, सासूबाई, फोन, तो बांगडा, मला खरंच निवडता आलं नाही. मी म्हटलं, तुमचा वाद चालू द्या. त्या हसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच सांगेन की तुमच्या वतीने कुणी बोलत असेल तर बोलू द्या, पण चुकलं तर मध्ये बोला.

सासूबाईंनी बांद्याहून आणलं त्या दिवशी सायली दारातच थांबली. जवळ येईना. मी खाली बसले. तिच्या गुडघ्यावर पांढरी खूण राहिली होती, तिच्यावर बोट ठेवलं.

"लय दुखला काय गो तुका?"

"तेवा दुखला," ती म्हणाली. "तू इचारलंसच नाय."

मग ती माझ्या मांडीवर बसली, आणि त्या गुडघ्यासाठी मी तेव्हा रडले.