मुलाखतीतून जे कापलं

मेहकरला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. कॅमेरा काय, कोणीही धरतो. माझं खरं काम दुकानात, कॉम्प्युटरसमोर बसून. पंगतीत भाजी संपली म्हणून रुसलेले व्याही, नवरदेवाच्या कानात कडू बोलून जाणारा मेहुणा, स्टेजवरच्या सोफ्यात घोरणारे आजोबा, हे सगळं मी कापतो. पार्टीच्या हातात पेनड्राइव्ह जातो तेव्हा त्या लग्नात कोणी कोणावर रागावलेलं नसतं. एकदा एक वरबाप म्हणाले होते, "भाऊ, आपलं लगन इतलं चांगलं झालं होतं हे आमालेच माहीत नव्हतं." या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं छाती फुगवून फिरलो.

लग्नसराई संपली की हात रिकामे, आणि रिकाम्या हातांना उद्योग सुचतात. मी मुलाखती सुरू केल्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून सिनेमा-नाटकात गेलेली माणसं, यूट्यूबवर. लोक हसले, आपल्याकडून कोण गेलं आहे बे, म्हणाले. शोधायला लागलो तर बरीच निघाली. देऊळगाव राजाचा एक दिग्दर्शक भेटला, स्वतःच्या सिनेमाला स्वतः तिकीट काढून बसलेला आणि तरी थिएटरात एकटाच असलेला. बीबी गावची एक मुलगी भेटली. मालिकेत ती मोलकरीण होती आणि मालिका संपेपर्यंत तिला एकदाही खुर्चीवर बसायचा सीन मिळाला नाही. या मंडळींना प्रश्न फार विचारावे लागत नाहीत, कॅमेरा लागला की ती आपोआप सुरू होतात. 'स्ट्रगल' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत आला नाही तर मी रेकॉर्डिंग चालू आहे ना ते तपासायचो.

अशातच मागच्या वर्षी मला जानेफळचे काका सापडले. त्यांचा चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल, नाव ऐकलं नसेल. इन्स्पेक्टर, सरपंच, मुलीचा बाप, हेडमास्तर. असा एकही सज्जन माणूस नाही जो त्यांनी पडद्यावर केला नाही. विहारासमोरच्या ओट्यावर जयंतीला नाटकं व्हायची, तिथून हा माणूस निघाला तो थेट मुंबईला पोचला. वय झाल्यावर नवरा-बायको गावी परत आले. मुलगा पुण्याला नोकरीत.

मी फोन केला तो काकूंनी उचलला. "या ना भाऊ," त्या म्हणाल्या, "पन सकाळीच या. सकाळी ते बरे राह्यतात." मला वाटलं, बीपी असेल, शुगर असेल. या वयात कोणाला काय नसतं.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार बसले होते. मी 'सुरू' म्हटलं आणि त्यांची पाठ ताठ झाली. मी न सांगता त्यांनी चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मग त्यांनी पहिल्या सिनेमाची गोष्ट सांगितली. बापाचं काम, हिरोच्या थोबाडीत मारायची, आणि हिरो एवढा मोठा की यांचा हातच उठेना. शेवटी हिरोच म्हणाला, काका, मारा हो, नाहीतर आज जेवायला मिळणार नाही. यांनी अशी लगावली की हिरोची नकली मिशी निघून यांच्या तळहाताला चिकटली. मी इतका हसलो की कॅमेरा हलला.

थोड्या वेळाने त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तोच हात, तेच थांबणं, तेच हसू. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा मार खाणारे तेच होते आणि मिशीही त्यांचीच होती.

काकू माझ्या मागे दारात बसल्या होत्या. काका कुठे अडले की त्या हळूच शब्द द्यायच्या. सिनेमाचं नाव, गावाचं नाव. "कोल्हापूर," त्या म्हणायच्या, आणि काका तो शब्द उचलून असे पुढे जायचे, जसं काही त्यांनाच आठवलं. माझा मात्र जीव खालीवर होत होता, कारण प्रत्येक कोल्हापूर माझ्या माइकमध्ये येत होतं. शेवटी मी वळून म्हणालो, "काकू, मधात बोलू नका ना. तुमचा आवाज येऊन राह्यला." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेल्या. नंतर काका अडले की अडलेलेच राहायचे. मला त्यांनी 'साहेब' म्हटलं आणि विचारलं, पॅकअपनंतर गाडी सोडायला येईल ना?

मला तेव्हा काही समजलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण मिशी दुसऱ्यांदा निघाली तेव्हाच मला समजलं होतं.

दुकानात परत आलो आणि कामाला लागलो. असं एडिटिंग मी जन्मात केलं नव्हतं. एका ठिकाणचं अर्धं वाक्य, दुसऱ्या ठिकाणचं उरलेलं अर्धं. जिथे जोड दिसेल तिथे जुन्या सिनेमातले फोटो टाकले. काकूंचा आवाज अगदी मुळापासून काढला. तीन तासांच्या चाचपडण्यातून वीस-बावीस मिनिटांचा असा माणूस तयार केला, ज्याला सगळं आठवतं, वेळेवर आठवतं आणि नेमकं आठवतं. मी स्वतःला सांगितलं की हे काकांच्या मानासाठी आहे. थोडं होतंही. बाकी सगळी माझी मिजास होती.

मुलाखत धावली. लोकांनी खाली लिहिलं, या वयात काय स्मरणशक्ती! मी तो शब्द बायकोला नेऊन दाखवला आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

मग काकांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "भाऊ, तुमचे आभार कसे मानू," तो म्हणाला. "आई कधीपासून मागं लागली होती. बाबाले काही ध्यानात राहत नाही, तू ये, मोठ्या डॉक्टरले दाखव. मी सुट्टी टाकली होती. पण तुमची मुलाखत पाह्यली अन् जीव भांड्यात पडला. एवढं तर मलेही आठवत नाही. आई एकटी पडते ना, घाबरून जाते." मग त्याने विचारलं, "तुम्ही तर समोर बसले होते. बाबा बरे आहेत ना?"

सरळ प्रश्न होता. हो म्हटलं तर ते त्याच्या आईच्या विरोधात जाणार होतं, एवढं मला कळत होतं. नाही म्हटलं तर मुलाखत खोटी होती हे कबूल करावं लागणार होतं.

"एकदम फिट आहेत काका," मी म्हणालो.

त्याने सुट्टी रद्द केली. हे त्यानेच मला सांगितलं, आनंदाने. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि बायकोला मी ॲसिडिटी सांगितली.

यंदा उन्हाळ्यात, दोन लग्नांच्या मधल्या एका मोकळ्या दुपारी, काकू दुकानात आल्या. जानेफळहून बसने, एकट्या. मी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक काम हाये भाऊ. राग नका मानू."

राग त्यांनी मानायचा, आणि विनंती त्याच करत होत्या. मी मान खाली घालून अल्बम नीट लावत बसलो.

"मांगच्या आठोड्यात ते घरातून निघाले," त्या सांगू लागल्या. "मी नळावर होती. गावभर पाह्यलं, शेवटी स्टँडवर भेटले. भर उन्हात, आंगात स्वेटर. म्हने शूटिंगची गाडी येऊन राह्यली. पोराले सांगतलं तं तो म्हनते, आई, तू वाढवून सांगते. मुलाखत पाह्य म्हनते. बाबाले सगळं आठवते, तूच सोताले दाखव डॉक्टरले." त्यांचा आवाज चढला नाही. "मी काही त्याले खोटं सांगून राह्यली नाही भाऊ. तुमच्यापाशी अख्खं असंन ना? कापाच्या आंधीचं?"

होतं. लग्नाचं फुटेज आम्ही पार्टीने माल नेला की पुसून टाकतो, पण हे माझ्याच्याने पुसलं गेलं नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी मी पुटपुटलो. माफी मागायची म्हटलं तर तोंडातून म्हण निघाली. काकूंनी ऐकून घेतलं. मला एवढंच सुचत होतं की आता, या क्षणी, ह्यांना त्यांचा पुरावा देऊन टाकावा आणि मोकळं व्हावं. मी सगळं फुटेज पहिल्यापासून लावलं. आधी एकदा स्वतः पाहून घ्यावं, एवढीही अक्कल मला त्या घाईत राहिली नाही.

काकू पुढे सरकल्या. मिशीची गोष्ट दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "हे पाहा. पाहा ना." तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी साक्षीला आलं होतं शेवटी. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधानच म्हणावं लागेल, आणि ते पाहून मला बरं वाटलं. मी तर म्हणालो सुद्धा, "काकू, आता हे पाठवतो, पाहतो कसा नाही येत तो."

स्क्रीनवर माझा आवाज आला, काकू, मधात बोलू नका. दार ओलांडून गेल्याचा आवाज आला. आतून भांडं वाजलं. आणि काका माझ्याकडे झुकले, आवाज बारीक करून म्हणाले, "त्या अंदर गेल्या त्या बाई कोन हायेत?"

"काकू आहेत ना," स्क्रीनवरचा मी म्हणालो.

"हाव का? रोज येतात. लई करतात बिचाऱ्या माह्यासाठी. त्याइचं घर कुठी असंन? संध्याकाळी त्याइले कोनी सोडून देते की नाही, ते पाह्यजा साहेब."

"हो काका. ते कोल्हापूरचं सांगा ना पुढं," मी म्हणत होतो.

माझा हात माउसवर गेला, पण फार उशिरा. हे मी विसरलो होतो. विसरलो कसला, विसरायचं ठरवलं होतं. काकांनी गंमत केली, नट माणूस आहे, असं त्या दिवशी मनाला सांगून मी हा तुकडा सगळ्यात आधी कापला होता.

काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या. चित्र थांबलेलं होतं, काकांचं तोंड अर्धं उघडं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"मले मालूम नव्हतं हे," त्या म्हणाल्या. "सिनेमे भुलले, गावं भुलले, पोराचं नाव कधी कधी भुलतात. पन मले हाक मारत ना. 'आवं, पानी दे.' 'आवं, चष्मा कुठी हाये.' लगन झालं तवापासून आवं म्हनूनच हाक मारत आले. नाव कधी घेतलंच नाही त्याइनं. मंग मले कसं समजावं?"

मी म्हणालो, "काकू, एवढं मी काढून टाकतो. बाकीचं पुष्कळ आहे दाखवायला."

"नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्याले तो म्हातारपन म्हनंन. हेच पाठवा. एवढंच."

मी तेवढाच तुकडा वेगळा केला आणि त्यांच्या मुलाला पाठवला. हे करताना त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या, त्याची मला लाज वाटत होती. फार वेळ गेला नाही. त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या. पलीकडून मुलगा रडतो आहे हे मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होतं. "हाव," त्या म्हणाल्या. "हाव बापा. नको रडू. ये मंग." आणि फोन पिशवीत टाकला.

मला वाटलं, आता त्या उठतील. मी म्हणालो, मी गाडीवर घरापर्यंत सोडतो. त्यांनी ते ऐकलं नसावं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याइनं हे विचारलं, तवाच तुमाले समजलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, रागाने नाही, हिशेब समजल्यासारखी.

"मंग मले सांगाचं होतं ना," काकू म्हणाल्या. "मी आतच तं होती."